कॅसलरॉकची हद्द आणि माजोर्ड्याचे व्हायोलिन



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानात एका वादकाची कथा सांगावी, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. ग्रंथालय हे नावांचे घर आहे. पुस्तकाच्या कण्यावर लेखकाचे नाव, नोंदवहीत नाव, तालिकेच्या प्रत्येक पत्रकावर नाव. नाव नसलेले पुस्तक आले की ग्रंथपालाची पंचाईत होते. ते कोठे लावावे हेच कळत नाही. परंतु विसाव्या शतकातील जे संगीत आपल्या घराघरांत, सणासुदीला, लग्नमांडवात आणि रात्रीच्या रेडिओवर वाजले, त्याचा मोठा भाग अशा हातांनी वाजवला, ज्यांचे नाव तबकडीवर नव्हते. त्या हातांपैकी एका हाताचा हा परिचय आहे. त्या माणसाचे नाव मात्र आपल्या सर्वांना पाठ आहे, आणि या कथेतील विसंगती नेमकी तीच.

अँथनी गोन्साल्विस. हे नाव उच्चारताच एका प्रचंड अंड्यातून बाहेर येणारा, उंच टोपी घातलेला, डोळ्याला एकच काच लावलेला अमिताभ बच्चन समोर उभा राहतो. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील ते गाणे शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांनी गुणगुणले. गीतकार आनंद बक्षी, संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल. ज्यांनी ते गुणगुणले त्यांतील फारच थोड्यांना माहीत होते की अँथनी गोन्साल्विस नावाचा एक खराखुरा माणूस आहे, तो व्हायोलिन वाजवतो, आणि हे गाणे बांधणाऱ्या प्यारेलाल यांच्या हातात व्हायोलिनचा गज ज्यांनी नीट धरायला लावला त्यांतील तो एक आहे.

या माणसाकडे जाण्याची वाट कॅसलरॉकवरून जाते. जोयडा तालुक्याच्या टोकाला, ब्रागांझा घाटाच्या माथ्यावर असलेले हे छोटे स्टेशन आजच्या प्रवाशाला धुके, धो धो पाऊस आणि दूधसागरकडे निघालेली तरुण मंडळी यांमुळे लक्षात राहते. एके काळी ते याहून फार मोठ्या गोष्टीचे ठिकाण होते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून निघालेला मुरगाव बंदराचा लोहमार्ग १८८७ साली सावर्ड्यापर्यंत आणि १८८८ साली घाट चढून येथपर्यंत आला. खाली कुळे, वर कॅसलरॉक. मध्ये सुमारे २६ किलोमीटरचा घाट, सदतिसास एक असा चढ, एकामागून एक बोगदे, आणि त्या अरण्यातच कोठेतरी एक राज्य संपून दुसरे सुरू होई. कुळ्याला पोर्तुगीजांचा जकातनाका, कॅसलरॉकला इंग्रजांचा. प्रवाशाने आपली पेटी दोनदा उघडून दाखवायची.

गोव्याच्या माणसाला मुंबई गाठायचे दोन मार्ग होते. एक आगबोटीचा, दुसरा हा. मुरगाव, माजोर्डा, मडगाव, सावर्डे, कुळे करीत गाडी घाट चढे; मग कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज असा मीटरगेजचा लांब प्रवास, आणि पुण्याला गाडी बदलून मुंबई. या वाटेने खलाशी गेले, आचारी गेले, कारकून आणि शिक्षक गेले. आणि काखेत काळी पेटी घेतलेले वादक गेले. नाक्यावरच्या शिपायाला पेटीत व्हायोलिन किंवा ट्रम्पेट दिसे, आणि त्याच्याखाली घड्या घातलेले, रेघोट्यांवर टिंबे काढलेले कागद. त्या कागदांवर जकात नव्हती. पुढे हिंदी चित्रपटसंगीताचा ध्वनीच ज्याने पालटून टाकला तो माल हाच होता.

मराठी श्रोत्याला येथे सहज दुसरा गोवा आठवेल. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, पुन्हा मंगेशीचेच जितेंद्र अभिषेकी. या गोव्यावर आपल्याकडे भरभरून लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. नाट्यसंगीताचा आणि ख्यालगायकीचा इतिहास त्यांच्यावाचून लिहिताच येणार नाही. तथापि त्याच मातीतून, त्याच वर्षांत, देवळाऐवजी चर्चच्या अंगणातून निघालेली दुसरी रांग मराठी लेखकांच्या नजरेतून बरीचशी निसटली. याचे कारण द्वेष नव्हे. परिचय नव्हता, एवढेच. एका गोव्याने गळा दिला, दुसऱ्याने साथ दिली, आणि साथ करणाऱ्याचे नाव विचारण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही.

अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली सासष्टीतील माजोर्डा या गावी झाला. नावातील 'प्रभू' हा शब्द मराठी कानाला ओळखीचा वाटेल; गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांतून धर्मांतरापूर्वीच्या आडनावांची स्मृती अशी टिकून राहिलेली आढळते. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे शिक्षक होते. अशा शिक्षकाला पोर्तुगीज भाषेत 'मेस्त्र' म्हणत. गोव्यातील चर्चला जोडून संगीतशाळा असे. तेथे मुलगा अक्षरांबरोबरच स्वरलिपी वाचायला शिके, पाच रेघांवरील टिंबे पाहून स्वर म्हणे, मग हाती व्हायोलिन येई. रविवारच्या प्रार्थनेत वाजवायचे, गावच्या फेस्ताला वाजवायचे, लग्नात वाजवायचे. आपल्याकडे किती घरांत मूल दहाव्या-बाराव्या वर्षी अपरिचित संगीत कागदावरून थेट वाचून वाजवू शकते? गोव्याच्या खेड्यात ही अगदी सामान्य गोष्ट होती, आणि तिची बाजारातील किंमत घाटावर आल्यानंतर कळली.

चर्चबाहेर याच व्हायोलिनला आणखी एक काम असे. मांडो हा गोव्याचा संथ लयीचा, विरहाने भिजलेला गीतप्रकार; त्याच्यामागून येणारे चपळ दुलपद, आणि देखणी. यांच्या साथीला एका बाजूला व्हायोलिन आणि दुसऱ्या बाजूला घुमट, म्हणजे एका अंगाला कातडे ताणलेले मातीचे मडके. युरोपचे तंतुवाद्य आणि कोकणच्या कुंभाराचे मडके एकाच गाण्यात बसलेले. मांडो बहुधा दोन आवाजांत म्हणतात; वरचा सूर एक चाल धरतो, खालचा तिच्याशी ठराविक अंतर राखून समांतर चालतो. एकच सूर एका वेळी ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला ही गोष्ट नवी. त्या मुलांच्या कानात ती आईच्या गाण्यातून आलेली. पुढे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत जो स्वरमेळ ऐकू येऊ लागला तो केवळ पाश्चात्त्य पुस्तकांतून आला असे मानणे म्हणूनच अपुरे आहे.

१९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, अँथनी मुंबईला आले. त्या काळी मुंबईत धोबीतलाव, दाबूळ, कावेल या भागांत गोव्याच्या एकेका गावाचा 'कूड' असे. कूड म्हणजे गावकऱ्यांची सामाईक खोली. भिंतीला लागून पेट्या, रात्री पेट्यांशेजारीच पथाऱ्या, एका कोपऱ्यात गावच्या पालक संताची तसबीर. बोटीची वाट पाहणारा खलाशी आणि कामाची वाट पाहणारा वादक एकाच छपराखाली राहत. जवळच्या इराणी हॉटेलांत चहाच्या कपाबरोबर कामाच्या खबरा येत: कोणत्या स्टुडिओत किती व्हायोलिन हवीत, कोणत्या हॉटेलच्या बँडमध्ये जागा झाली.

नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून त्यांचा प्रवेश झाला. त्या काळातील ध्वनिमुद्रण कसे चाले हे समजल्यावाचून या वादकांच्या कामाचे मोल कळणार नाही. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती त्याच्या कंठात आणि बोटांत असे, कागदावर नसे. एखादा सहायक ती सरगमीत टिपून घेई. मग संगीत संयोजक पुढे येई. कडव्यांच्या मधल्या रिकाम्या जागी काय वाजावे, गाणाऱ्याच्या ओळीखालून व्हायोलिनांनी कोणती वेगळी ओळ धरावी, चेलोने कोठे खर्ज भरावा, हे सारे तो स्वरलिपीत उतरवी आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा त्याचा कागद ठेवी. ध्वनिमुद्रण एकसलग. गायक, कोरस, तीस-चाळीस वादक एकाच वेळी, मोजक्या ध्वनिग्राहकांपुढे. एकाचा गज घसरला तरी सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. आज चुकलेला एकच स्वर यंत्रावर दुरुस्त करता येतो. तेव्हा दुरुस्ती म्हणजे सर्वांची पुन्हा मेहनत. अशा ठिकाणी कागद पाहताक्षणी अचूक वाजवणारा माणूस हवाच, आणि तो गोव्याहून येई.

वाजवण्याचे पैसे पाळीप्रमाणे मिळत. तबकडीवर मात्र गायकाचे, संगीतकाराचे, फार तर गीतकाराचे नाव. नियमाला अपवाद होते, नाही असे नाही. शंकर-जयकिशन यांच्या अनेक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सहायक म्हणून सेबास्तियन आणि दत्ताराम ही दोन नावे येतात. सेबास्तियन डिसोझा तंतुवाद्यांचे संयोजन करीत, दत्ताराम वाडकर ठेका सांभाळत. दोघेही गोव्याचे, एक चर्चच्या परंपरेतला, दुसरा तबला-ढोलकीच्या. वर ज्या दोन गोव्यांचा उल्लेख आला ते राज कपूरच्या चित्रपटांत असे शेजारी शेजारी बसलेले आढळतात. पण पडद्यावर क्षणभर सरकणारे नाव वाचतो कोण? वादकांच्या रांगेतील दुसऱ्या ओळीच्या चौथ्या व्हायोलिनचे तर नावच नाही.

गोन्साल्विस या रांगेतून लवकरच पुढे आले आणि संयोजन करू लागले. परंतु त्यांची खरी ओळख तेथे नाही. मुंबईतले बरेच गोवेकर वादक रात्री हॉटेलात जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांत पोट भरीत. हिंदुस्थानी राग ही त्यांच्या लेखी कामाची गरज होती. गोन्साल्विस यांना मात्र त्या रागांनीच ओढून घेतले. कामाच्या निमित्ताने जे कानावर पडे ते त्यांनी अभ्यासाचा विषय केले, जाणकारांपाशी बसून ते समजून घेतले, आणि एक प्रश्न मनाशी धरला: आपल्या रागाला वाद्यवृंदाच्या भाषेत बोलता येईल काय?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्यांच्या रचनांची नावेच पाहावीत: 'सोनाटिना इंडियाना', 'राग सारंगमधील कॉन्चेर्टो', 'कोंकणी कार्निव्हल'. यांतील सारंगाचे उदाहरण घेऊ. सारंगात गंधार आणि धैवत वर्ज्य. उलट पाश्चात्त्य स्वरमेळाची पहिली पायरी म्हणजे षड्ज, गंधार आणि पंचम एकत्र वाजवणे. ज्या स्वरावर युरोपच्या स्वरमेळाचे घर उभे, तोच स्वर या रागाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेला. गंधार घातला तर सारंग मोडतो, न घातला तर स्वरमेळ पोकळ राहतो. त्यातून रागाचे मर्म स्वरांपेक्षा स्वरांच्या चालीत असते. मध्यमावरून ऋषभावर येताना जो सूक्ष्म ओढा असतो तो तीस व्हायोलिनांकडून एकाच वेळी कसा घ्यायचा? एकट्या सारंगीला तो सहज येतो, समूहाला येत नाही. अशा रचनेला हात घालणाऱ्याने दोन्ही संगीतांचे व्याकरण पुरते जाणलेले असावे लागते, आणि दोन्हींकडून होणारी टीका सोसण्याची तयारी ठेवावी लागते. हे धाडस एका मेस्त्रच्या मुलाने केले. विद्यापीठांतून, परिषदांतून पूर्व-पश्चिम संगमाच्या गप्पा पुष्कळ होतात. येथे तो पाच रेघांवर शाईने लिहिला जात होता.

दरम्यान ते शिकवीतही होते. रविवारी वांद्र्याच्या त्यांच्या घरी शिष्य जमत. त्यांत प्यारेलाल शर्मा होते आणि राहुलदेव बर्मनही होते. पुढच्या तीन दशकांच्या हिंदी चित्रपटसंगीतावर ज्यांची छाप पडली त्यांपैकी दोघे एकाच खोलीत एकाच शिक्षकापुढे बसलेले. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा हे स्वतः नामांकित ट्रम्पेटवादक. त्यांनी मुलाला व्हायोलिनसाठी गोन्साल्विस यांच्याकडे सोपवले यातच वादकांच्या जगात त्यांचे स्थान काय होते ते कळते. लहान वयातच प्यारेलाल स्वतः ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन वाजवू लागले होते.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्या हद्द ओलांडून गेल्या, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर भारत सरकारने हद्द बंद केली. कॅसलरॉकवरून कुळ्याकडे उतरणारी गाडी थांबली ती १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत. घाटातील रूळ तसेच राहिले, वर इंजिन नाही. मुंबईच्या कुडांत राहणाऱ्या गोवेकरांना या सहा वर्षांत गावचे फेस्त, बहिणीचे लग्न, आईचे दुखणे हे सारे परराज्यातले झाले. सीमाभागातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलली जाते, ती रेषा एखाद्या सकाळी भिंत होते म्हणजे काय, हे येथील जुन्या पिढीने पाहिले आहे.

घाटातील रूळ असे रिकामे असताना, १९५८ साली, गोन्साल्विस यांनी मुंबईत आपला वाद्यवृंद उभा केला. नाव ठेवले 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा'. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात कार्यक्रम झाला. सुमारे ११० वादक, आणि गायनासाठी लता मंगेशकर व मन्ना डे. दिवसा दुसऱ्यांच्या चाली वाजवणारे हात त्या संध्याकाळी आपल्यातीलच एकाची रचना वाजवीत होते. चित्रपट नाही, नायक-नायिका नाहीत. रागांवर आधारलेली वाद्यवृंदाची रचना, आणि तिच्यावर रचनाकाराचे नाव. दीनानाथांची कन्या आणि माजोर्ड्याच्या मेस्त्रचा पुत्र एका व्यासपीठावर आले, हा योग गोव्याच्या सांस्कृतिक इतिहासात नोंदवून ठेवावा असा आहे. खेदाची गोष्ट ही की आपल्या संगीतविषयक मराठी ग्रंथांत त्याची नोंद शोधावी लागते.

हा प्रयोग परंपरा होऊ शकला नाही. वाद्यवृंद चालवायला राजाश्रय लागतो किंवा श्रोत्यांचा नियमित आश्रय लागतो. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला हा प्रकार परका वाटणार, पाश्चात्त्य संगीताच्या श्रोत्याला तो देशी वाटणार, आणि चित्रपटाच्या श्रोत्याला पडद्यावाचून गाणे ऐकण्याची सवय नव्हती. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज विद्यापीठात गेले. यश ऐन भरात असताना, काम हाताशी असताना, मुंबईची चित्रसृष्टी त्यांनी मागे टाकली. परत आले तेही मुंबईच्या स्टुडिओंत नव्हे, तर माजोर्ड्याला, समुद्राजवळच्या आपल्या गावी. त्यांच्या निवृत्तीला कोणी विरक्ती म्हणेल, कोणी निराशा. ज्याने आपल्या नावावर रचना लिहून पाहिली त्याला पुन्हा नाव नसलेल्या रांगेत बसवले नसेल, हे अधिक संभवनीय वाटते.

नाव मिळवण्याचा दुसराही एक मार्ग होता, आणि तो काही वादकांनी धरला. तो म्हणजे आपल्या भाषेकडे वळणे. फ्रँक फर्नांड हे १९१९ साली कुडचड्यात जन्मलेले. सावर्ड्याचे स्टेशन ज्या गावात आहे तेच हे गाव. घाट चढणारी गाडी त्यांनी लहानपणी रोज पाहिली असणार. ट्रम्पेटवादक म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेलात मिकी कुरैया यांच्या बँडमध्ये नाव कमावले, मग चित्रपटसंगीतात सहायक व संयोजक झाले. आणि त्या कमाईतून त्यांनी काय केले? कोकणी चित्रपट काढले. १९६३ साली 'आमचें नशीब', १९६६ साली 'निर्मोण'. गोवा मुक्त होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, आणि पडद्यावर माणसे कोकणी बोलत होती. 'निर्मोण'ची कथा पुढच्याच वर्षी हिंदीत 'तकदीर' म्हणून आली. आजवर मुंबईचा सूर गोव्यात जात होता, आता गोव्याची गोष्ट मुंबईला गेली.

ख्रिस पेरी यांचा मार्ग याहूनही वेगळा. मडगावचे हे ट्रम्पेट व सॅक्सोफोनवादक स्वतः चाली बांधीत, गीते लिहीत, स्वतःचा बँड उभा करून मुंबई-कोलकात्याच्या रात्रींत वाजवीत. लोर्ना कोर्देरो यांच्या आवाजात त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली कोकणी गाणी गोव्यात तर ऐकली गेलीच, पण आखातातील आणि जहाजांवरील गोवेकरांनीही ती जिवापाड जपली. सूर जॅझचा, पण विषय गावचे: दारुडा, वेडा प्रियकर, मत्सर, समुद्रावर गेलेल्याची वाट पाहणे. मांडोची हुरहुर ट्रम्पेटमधून बोलते आहे असे ही गाणी ऐकताना वाटत राहते. लोकगीत ज्याला म्हणतात ते शेतात उगवते तसे ते कूडमध्येही उगवू शकते, याचा हा पुरावा मानावा. १९७७ साली 'भुंयारांतलो मनीस' या कोकणी चित्रपटाला पेरी यांनी संगीत दिले. २००२ साली ते वारले. २०१४ साली बार्द्रोय बार्रेतो यांनी 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट काढला तो याच गाण्यांच्या आधारे, आणि मुंबईच्या त्या विसरलेल्या वादकपिढीकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले.

त्या १९७७ सालाकडे पुन्हा यावे लागते. सांगितले जाते की 'अमर अकबर अँथनी'मधील नायकाचे आडनाव मुळात फर्नांडिस ठरले होते. चालीत ते बसेना, तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव सुचवले. गुरुदक्षिणेच्या कथा आपल्या पुराणांत पुष्कळ आहेत, पण अंगठ्याऐवजी आडनाव देण्याची ही तऱ्हा निराळी. जो सभ्य, अबोल, कागदावर मान खाली घालून बसणारा गृहस्थ, त्याचे नाव एका दंगेखोर दारूविक्रेत्याला मिळाले. शिष्याचे प्रेम खरे, गाणे फक्कड, यात शंका नाही. परंतु परिणाम चमत्कारिक झाला: नाव अमर झाले आणि माणूस त्या नावामागे झाकला गेला.

प्यारेलाल यांच्याकडून गोव्याला दिलेले दुसरे देणे याच्या आधीचे आहे. १९७३ च्या 'बॉबी'मध्ये गोव्याची एक देखणी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी वापरली. नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जायला निघालेली कलावंतीण नावाड्याला विनवते, दागिने देऊ करते, तो काही ऐकत नाही, अशी ती देखणी. साऱ्या देशाने ते लोकगीत समजून डोक्यावर घेतले. वास्तविक त्या देखणीला रचनाकार आहे: कार्लुस युजेनिओ फेरेरा. ती १८९५ साली पॅरिसमध्ये छापलीही गेली होती. एखादे गाणे लोकांच्या ओठी इतके रुळते की कर्त्याचे नाव गळून पडते आणि ते 'पारंपरिक' ठरते. फेरेरा यांच्या बाबतीत जे एका गाण्याचे झाले ते वादकांच्या पिढीचे सरसकट झाले. ग्रंथपालाला विचारावे, तो सांगेल की 'अज्ञात' या शिक्क्याखाली जे येते त्यातले कितीतरी अज्ञात नसते, कोणी चौकशी केलेली नसते एवढेच.

अलीकडे काही गोष्टी सुधारल्या आहेत. घुमटाला २०१९ साली गोवा शासनाने राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान्यता दिली. घोरपडीच्या कातड्यावर बंदी असल्याने आता ते बकऱ्याच्या कातड्याने मढवतात. मुंबईच्या वादकांविषयी इंग्रजीत चांगली पुस्तके निघाली. आणि मराठीलाही अगदीच रिकाम्या हाताने बसावे लागत नाही. मराठीतील चित्रपटसमीक्षक अशोक राणे यांनी अँथनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला. गाण्यातल्या नावामागचा माणूस, पांढऱ्या केसांचा, मृदू बोलणारा, त्यामुळे पडद्यावर प्रथमच स्वतःच्या नावाने दिसला.

गोन्साल्विस १८ जानेवारी २०१२ रोजी वारले. माजोर्ड्याच्या स्टेशनावरून आजही वास्कोची गाडी मडगावला येते, सावर्डे आणि कुळे मागे टाकून घाट चढू लागते. मीटरगेज जाऊन तेथे ब्रॉडगेज आली, नाके केव्हाच उठले. कॅसलरॉकला गाडी थांबते तेव्हा कोणी पेटी उघडायला सांगत नाही.